जिना चढणारी खुर्ची

९ फेब्रुवारी

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ऑफिसात गठ्ठा पडून होता. मालक म्हणाले, रद्दीतच जाणार आहेत, हवी तर ने एक. तारीख जुळते, वार जुळत नाही. आज छापलेला गुरुवार खोडला आणि शुक्रवार लिहिला. रोज तेवढं करावं लागणार.

कशाला लिहितोय ते माहीत नाही. आठवीनंतर पेन धरलं ते सही करायलाच. पण आज खोलीवर आलो आणि लक्षात आलं की दुपारपासून मी कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. शेवटचं बोललो ते जिन्यात झोपलेल्या कुत्र्याशी. "हो बाजूला," म्हणालो. तो काही झाला नाही.

खोली सायकलच्या दुकानावर आहे. खिडकी उघडली की समोरच्या गोदामाचा पत्रा दिसतो. खाली दिवसभर हवा भरायचा पंप फुसफुसतो. त्याचा वैताग येतो. संध्याकाळी तो बंद झाला की जास्त वैताग येतो.

कामाचं लिहितो. कंपनी नवीन आहे, सगळे मिळून एका टेबलाभोवती मावतो. साध्या व्हीलचेअरखाली बसणारी पेटी आम्ही बनवतो. आत मोटर आणि बॅटरी, वर हाताशी एक दांडी. दांडी पुढे ढकलली की खुर्ची आपली आपण चालते. मी लोकांच्या घरी जाऊन पेटी बसवतो, बिघडली तर नीट करतो. म्हणून मला सगळे 'पाना' म्हणतात. खरं नाव पगाराच्या दिवशीच निघतं.

मालक माझ्याहून फार मोठे नाहीत. मालक म्हटलं की चिडतात. मग काय म्हणू, तर तेही सांगत नाहीत. आज मला बाजूला घेऊन म्हणाले, "गिऱ्हाइकाकडे गेलास की पेटीत आहे तेवढंच बोलायचं. पुढे काय येणार, कधी येणार, एक अक्षर नाही."

"मला कुठे काय माहीत असतं?"

"भिंत दिसते ना तुला."

भिंतीवर तीन रकाने आखलेत. आत्ता, यानंतर, कधीतरी. त्यात पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवतात. 'यानंतर'मध्ये एका चिठ्ठीवर लिहिलंय, जिना. खाली ड्रॉइंगवाल्या ताईंनी काढलेलं चित्र आहे, खुर्ची पायऱ्या चढतेय. चित्र फार सुरेख आहे. पायऱ्यांच्या कडांना सावलीसुद्धा दिलीय.


१२ फेब्रुवारी

आज तिसऱ्या मजल्यावर पेटी बसवली. लिफ्ट नाही. पेटी खांद्यावर घेऊन चढलो, वर पोचेपर्यंत जीभ बाहेर.

घरात दोघंच. बाई शाळेत शिकवायच्या, पाय गेल्यापासून खुर्चीत. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. "आयुष्यभर गावाला वर चढवलं," काका म्हणाले, "आणि स्वतः घेतलं हे घर."

"स्वस्त होतं म्हणून घेतलंत," बाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"पाना म्हणतात."

"पाना? मग मी काय, खडू?"

मला हसू आलं. माझंच हसू मला ओळखीचं वाटलं नाही.

पेटी बसली. बाईंनी दांडी ढकलली आणि खुर्ची स्वयंपाकघरापर्यंत गेली, वळून परत आली. त्यांनी पुन्हा एकदा फेरी मारली. मग विचारलं, "जिना उतरेल का ही?"

"नाही बाई. सपाट जागेवरच."

"म्हणजे घरातल्या घरात शर्यती लावायच्या." त्या हसल्या, पण दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

त्यांना खाली न्यायचं तर एका बाजूला काका धरतात आणि दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचा न्हावी. काकांची कंबर आता साथ देत नाही. उठताना भिंत धरतात.


२० फेब्रुवारी

आईचा फोन. कधी येतोस? दोन महिन्यांत, म्हणालो. नक्की? नक्की. ती खूश झाली. दोन महिने का म्हणालो कुणास ठाऊक. तोंडात आलं ते बोललो.


१ मार्च

काकांचा फोन आला, दांडीचा स्क्रू सैल झालाय. दुसऱ्यांदा. गेल्या आठवड्यात चांगला आवळला होता. आज स्क्रूच बदलला. काका बाजूला उभं राहून बघत होते. खिशात त्यांचा जुना पेचकस असतो, अजून सवय गेली नाही म्हणतात.

काम झालं तरी चहा ठेवलेलाच होता. बाईंच्या खिडकीतून त्यांच्या शाळेचं मैदान दिसतं. मधली सुट्टी झाली की त्या बोलता बोलता थांबतात आणि तिकडे बघतात. "ती बघ, लाल रिबीनवाली. रोज पडते आणि रोज सगळ्यात आधी पळते."

मग खोलीचा विषय निघाला. गल्लीच्या टोकाला दवाखान्यामागे तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. घरमालकाने महिन्याअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. काकांना जायचंय. बाईंना नाही.

"तिथे खिडकीतून काय दिसतं, विचार यांना."

"भिंत दिसते," काका म्हणाले. "पण दारातून रस्ता दिसतो. आणि तू रस्त्यावर असशील."

दोघंही गप्प झाले. खालून पोरांचा गलका येत होता. मला ते गप्प बसणं सहन होईना. म्हणालो, "बाई, जिना चढणारी खुर्ची येणार आहे."

बाईंनी मान वळवली. "काय म्हणालास?"

"भिंतीवर लागलंय आमच्याकडे. चित्रसुद्धा तयार आहे. याच पेटीला जोडायची."

"कधी?"

कधी ते भिंतीवर नव्हतं. "थंडीच्या आत," मी म्हणालो.

काकांनी विचारलं, वजन किती, बॅटरी कुठे बसणार, पायरीच्या कडेवर पकड कशी धरणार. मी म्हणालो, ते ड्रॉइंगवाल्या ताईंना माहीत. ते आणखी काही विचारणार होते. मग त्यांनी बाईंकडे बघितलं आणि राहू दिलं.

"बस रे," बाई म्हणाल्या. "बिस्किटं काढ हो त्याला. ती नव्हेत, चांगली."

मालकांनी नको सांगितलं होतं ते आठवत होतं. पण मी खोटं कुठे बोललो? मी आधी ग्रिल-शटरच्या कारखान्यात होतो. तिथले मिस्त्री कागद भिंतीला लावायचे ते काम ठरल्यावरच. तोवर कागद त्यांच्या खिशात. भिंतीवर लागला म्हणजे लोखंड आणायला माणूस गेला.


४ मार्च

ड्रॉइंगवाल्या ताईंना सहज विचारलं, जिना कधी? म्हणाल्या, "बघू या." म्हणजे चालू आहे.

आज रस्त्याने शिट्टी वाजवत आलो.


१९ मार्च

स्क्रू पुन्हा. या वेळी खाली वॉशर टाकला.

काकांनी दार उघडतानाच सांगितलं, "खोल्या नको म्हणून कळवलं. थंडीपर्यंतचाच प्रश्न आहे ना. तेवढं काढू कसंतरी." घरमालकाने लगेच दुसऱ्या कुणाला दिल्यासुद्धा.

मला आनंद झाला नाही. का ते कळलं नाही, व्हायला तर हवा होता. बाईंनी खिडकीचे पडदे धुऊन लावलेत.

संध्याकाळी आईचा फोन वाजत होता. उद्या करीन म्हणून ठेवून दिला.


११ एप्रिल

भिंतीवर एक नवी चिठ्ठी आलीय. 'एकही पाना न लागणारी पेटी.' गिऱ्हाइकाने खोका उघडायचा, पेटी खुर्चीखाली सरकवायची, खट्, बसली. मालकांनी दिवसभर माझे व्हिडिओ काढले. मी कुठे धरतो, आधी काय करतो, बोट कुठे अडकतं. "तुझ्याइतकं हे कुणाला माहीत नाही," म्हणाले. एवढं कौतुक आजवर केलं नव्हतं. पेटी आली की माझं काम निम्मं होईल. बोटंही वाचतील.

ड्रॉइंगवाल्या ताई मात्र चित्रणाच्या वेळी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना बहुतेक बरं नव्हतं.


६ मे

चिठ्ठी नाही.

सकाळी झाडू मारताना दिसलं. 'यानंतर'मध्ये तिच्या जागी एक चौकोन राहिलाय, आजूबाजूच्या रंगापेक्षा स्वच्छ. वाटलं, पडली असेल. टेबलाखाली वाकून शोधली. मालक म्हणाले, काय शोधतोस? म्हटलं, जिना.

"काढला तो. सोडला."

वाळूची पोती बसवून पायऱ्यांवर चाचणी घेतली होती म्हणे. खुर्ची मागे उलटली. सुधारून बघितली, पुन्हा उलटली. मी त्या दिवशी बाहेर कामावर होतो. मला कुणी सांगितलं नाही. मला सांगायला मी कोण?

मी सगळं ओकून टाकलं. बाई, खोल्या, थंडीच्या आत. मालकांचा चेहरा पांढरा पडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मी तुला काय सांगितलं होतं?"

ड्रॉइंगवाल्या ताई उठून आल्या. "त्याला बोलू नका. लोकांना सांगायलाच हवं आपण. काय करतोय, काय सोडतोय. त्यावर त्यांची घरं ठरतात."

"आणि बदललं की? हे बघ, हे होतं. सांगितलं म्हणूनच झालं."

"त्याने ठरलंय असं सांगितलं, म्हणून झालं. ही भिंत म्हणजे आपले अंदाज आहेत, हे आपण कधी सांगितलं होतं का त्याला?"

"म्हणजे आता प्रत्येकाला प्रत्येक अंदाज सांगत बसू? उद्या निम्मी गिऱ्हाइकं थांबतील. आज काही घ्यायला नको, पुढचं येणारच आहे, म्हणतील. कंपनी तोवर जगणार कशी?"

"ज्यांचं काही अडलंय त्यांना तरी सांगा."

"आणि सगळंच सांगायचं म्हटलं तर..." मालक माझ्याकडे बघून थांबले. पाण्याची बाटली उघडली, प्यायले, झाकण लावत बसले. झाकण फिरून फिरून नीट बसेना.

मी दोघांच्या मध्ये उभा. दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. मला एवढंच विचारायचं होतं की बाईंना आता कोण सांगणार. ते मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.


९ मे

काकांचा फोन वाजला. उचलला नाही. खिशात वाजत राहिला, तसाच चालत राहिलो.

दादाचाही आला होता, तो उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "तुझी खाट माळ्यावर टाकलीय बरं का. पोरं अभ्यासाला बसतात तिथे." मी म्हणालो, मला विचारलं का नाही? तो म्हणाला, "अरे, तू येणार येणार म्हणून एप्रिलभर तशीच ठेवली होती. आई रोज झटकायची. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, पुरे आता." मी रागाने फोन ठेवला. माझी खाट, आणि ठरवणार हे. आधी एका शब्दाने सांगता येत नव्हतं?


१४ मे

सांगून आलो.

जिन्यातच तीनदा थांबलो. न्हावी म्हणाला, "काय पाना, आज हवा गेली का?" तसाच वर चढलो.

बाई खिडकीशी होत्या. काका जमिनीवर उशी घेऊन आडवे. कंबर पुरती धरलीय. बाई कित्येक दिवसांत खाली गेलेल्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही, खुर्चीच्या चाकांनी सांगितलं. रबरावर रस्त्याची धूळ अजिबात नव्हती.

"बाई, जिन्याची खुर्ची येणार नाही."

काकांनी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "तुला कधी कळलं?"

"आठवडा झाला."

"म्हणून फोन उचलला नाहीस."

"हो."

"थंडीच्या आत म्हणाला होतास तू."

मी भिंतीचं सांगितलं. मिस्त्रींचं, खिशातल्या कागदाचं, सगळं. गृहपाठ न आणलेल्या पोराचं ऐकून घ्यावं तसं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भिंतीवर एक चिठ्ठी बघितलीय, एवढंच सांगितलं असतंस तर चाललं नसतं? आम्ही आमचं ठरवलं असतं."

उत्तर इथे लिहितो. नुसती चिठ्ठी म्हटलं असतं तर बाईंनी तशी मान वळवली नसती. चांगली बिस्किटं निघाली नसती. माझ्याकडे कुणी तसं बघून फार दिवस झाले होते.

"जा तू आता," बाई म्हणाल्या. चिडून नाही. वर्ग सुटल्यावर म्हणतात तसं.

दाराशी मागून काकांचा आवाज आला. "मी लिफ्टवाला आहे रे. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही होतं. हिचं तोंड बघितलं आणि गप्प बसलो."

खाली आलो तेव्हा मैदान रिकामं होतं, मेची सुट्टी. वर बघायचा धीर झाला नाही.


१७ मे

मालकांनी भिंतीला पडदा लावलाय. निळा, कड्यांचा. बाहेरून आलेल्यांना दिसायला नको, म्हणाले. लावताना एक कडी अडकली, ती मीच शिडीवर चढून सोडवली. तेव्हा दिसलं, 'एकही पाना न लागणारी पेटी' आता 'आत्ता'मध्ये आलीय. मी म्हणालो, "वा, लवकर झालं हे." मालकांनी पडदा ओढून घेतला. मला म्हणाले, "जेवलास का?" तेव्हा सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.


२३ मे

काही नाही. पंप बंद झाला. पत्र्यावर एक कावळा येऊन बसतो, तो आज आला नाही.


२६ मे

ऑफिसातून पार्सल मिळालं. दांडीचा स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतो म्हणून मी लिहून कळवलं होतं, त्यावर ड्रॉइंगवाल्या ताईंनी निळा गोंद मागवलाय. एक थेंब लावून आवळला की स्क्रू जन्मात सुटत नाही. सोबत त्यांनी सांगितलं, "गंमत आहे, बाकी कुणाकडेच हा स्क्रू सैल होत नाही. एकाच घरी होतो."

मी म्हणालो, तिसरा मजला आहे, हादरे बसत असतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "असेल."

तिथून फोन येणं तर केव्हाच बंद झालंय.


४ जून

काकांचा फोन.

"स्क्रू सैल झालाय."

म्हणालो, येतो.

खुर्ची दिवसचे दिवस खिडकीशी उभी. हलली नाही तर हादरे कुठले? स्क्रूच्या खाचेत ताजे चकचकीत ओरखडे होते. काका उशीवर आडवे होते आणि छताकडे बघत होते. पेचकस खिशात नव्हता, उशाला होता. मी स्क्रू हाताने आवळला आणि उठलो.

बाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा." साधीच बिस्किटं निघाली. मी दोन खाल्ली.

"बाई, रविवारी मी आणि न्हावी मिळून तुम्हाला खाली नेतो. खाली ही पेटी चालतेच."

"किती रविवार?"

दर रविवारी, हेच तोंडात आलं होतं. जिभेच्या टोकावर होतं.

"हा रविवार," मी म्हणालो. "पुढचं मला माहीत नाही."

त्यांनी कप बशीत ठेवला. "बरं. हा रविवार."


९ जून

छापलेला शुक्रवार खोडून रविवार लिहिला.

सकाळी आईला फोन केला. तिने कधी येतोस ते विचारलंच नाही. मीच म्हणालो, "आई, कधी येईन ते मला खरंच माहीत नाही."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. पोरांना बसू दे मग तिथे. खाट काय, तू दिसलास की काढू. माळ्यावरून काढायला किती वेळ लागतो?"

दुपारी बाईंना उतरवलं. न्हावी पुढे, मी मागे. न्हावी प्रत्येक वळणावर म्हणायचा, "बाई, हलू नका, नाहीतर तुमच्याऐवजी मीच खुर्चीत बसेन." काका वरून कठडा धरून ओरडत होते, डावीकडे, डावीकडे, जशी काही लिफ्टच उतरवतायत. खाली आलो तेव्हा माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

बाईंनी दांडी ढकलली. गल्लीभर गेल्या. दवाखान्याशी जरा थांबल्या. मागच्या त्या दोन खोल्यांच्या दारात कुणाचे तरी कपडे वाळत होते, ते बघितले आणि पुढे गेल्या. शाळेला सुट्टी होती, मैदान रिकामं. फाटकाच्या गजांना नाक लावून त्या बराच वेळ आत बघत होत्या. मी मागे उभा होतो. बोलायला काही नव्हतं आणि बोलावंसंही वाटत नव्हतं.

परत वर पोचवल्यावर काकांनी दांडी हलवून बघितली. "स्क्रू जरा बघतोस का? पुन्हा ढिला होईल असं वाटतंय."

"होईल," मी म्हणालो. "झाला की फोन करा."

गोंदाची बाटली खिशातच होती. ती मी काढली नाही.